काठोकाठ

पावशेर काळ्या मनुका. खडे-काड्या निवडून, देठ काढून, एका पाण्यातून धुतलेल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन असे, आणि आदल्या शनिवारी दुपारी मावशी त्या मनुका भिजत घाली. पातेलं पितळेचं, पण कल्हई ताजी लागे. कल्हई उडालेल्या भांड्यात रस कळकतो, हे मला तिनेच सांगितलं. दिवस कलेपर्यंत मनुका फुगून टपोऱ्या होत. मग शेगडीवर मंद आचेवर पातेलं चढे. पाण्याला आधी तांबूस, मग जांभळट रंग येई. उतरवून जरा निवलं की ती मनगटापर्यंत हात घालून मनुका कुसकरी, मलमलच्या धुवट फडक्यातून पिळून गाळी, फडकं बदलून पुन्हा एकदा गाळी. फडक्यात उरलेला चोथा आम्हा पोरांचा. त्यासाठीच तर आम्ही चर्चच्या मागच्या ओट्यावर घुटमळत असू.

रस झाकून ठेवला की पेल्यांची पाळी. अंगठ्याएवढे काचेचे पेले, लाकडी तबकाच्या भोकांत बसणारे. गरम पाण्यात राखुंडी टाकून ते धुवायचे, मग दोनदा साध्या पाण्यातून काढायचे आणि स्वच्छ कापडावर उपडे घालायचे. उपडा घालण्याआधी प्रत्येक पेल्याच्या काठावरून ती अंगठा फिरवी. कुठे टवका उडालेला असला तर तो पेला वेगळा, खिडकीच्या कट्ट्यावर. ‘‘एखाद्या लेकराचा ओठ चिरला तं?’’ एवढंच म्हणे. चाळीस-पन्नास पेले आणि प्रत्येकाच्या काठावरून फिरणारा तो भेगाळलेला अंगठा. रविवारी पास्टरसाहेब पांढऱ्या कापडाची घडी उलगडून तबक उचलत, आशीर्वाद मागत, वडील मंडळी रांगांतून तबक फिरवत. लोक डोळे मिटून तो घोटभर रस पीत. तो कुठून आला हे कोणी कधी विचारलेलं मला आठवत नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं मलाही वाटत नव्हतं.

मावशी चर्चमागच्या एका खोलीत राहायची. झाडलोट, घंटा, दिवाबत्ती, लग्नात सतरंज्या आणि मयतीत बाकं, हे सगळं तिच्याकडे. पगार म्हणावा असं काही नव्हतं. नाताळाला लुगडं आणि सुगीत ज्वारी. ती विधवा होती आणि तिला वाचता येत नव्हतं. उपासनेला ती शेवटच्या बाकाच्याही मागे, दाराशी बसे, कारण मध्येच उठून काही आणावं लागलं तर दार जवळ हवं.

हे सगळं बोदवडला घडत होतं, म्हणून पाण्याविषयी सांगायला हवं. बाहेरच्या माणसाला खानदेश म्हटलं की तापीकाठ दिसतो, रावेर-यावलच्या केळीच्या बागा दिसतात. आमच्याकडे ते नाही. आमची कोरडवाहू कपाशी, काळी भेगाळणारी माती, आणि पाण्याची ओरड. आजही नळाला आठवड्या-दोन आठवड्यांनी पाणी आलं तरी बोदवडकर ते नशीब मानतात. माझ्या लहानपणी तर नळाचा प्रश्नच नव्हता. विहीर, रहाट, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर घागर. चर्चच्या दाराशी एक मोठा रांजण होता. रविवारी खेड्यांवरून चालत, बैलगाडीने, काही जण रेल्वेने येत आणि आल्या आल्या त्या रांजणातलं पाणी पीत. तो शनिवारी रात्री रिकामा आणि रविवारी सकाळी काठोकाठ असे. मधल्या वेळेत किती खेपा झाल्या हे फक्त त्या रस्त्याला माहीत.

१९७२चा दुष्काळ मला लख्ख आठवतो. माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जात होती. शाळेत सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळायची. तिची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशाला लागे. विहिरींचे तळ दिसत होते. बायका रात्रभर विहिरीत उतरून वाटीवाटीनं झिरपा गोळा करत. त्या वर्षी गव्हाचं पीठ मिळेना, तेव्हा प्रभुभोजनाची भाकर खरोखरच भाकरी होती, मिलोची. पण पेल्यांमध्ये रस होता. मनुका थोड्या, पाणी जास्त, रंग फिका. आणि पेले तसेच तीनदा धुतलेले. एक बाई तिच्यावर उखडली होती, की लोकांना प्यायला घोट नाही आणि तू पेले तीनदा कशाला धुतेस. मावशी काही बोलली नाही. माझी आई नंतर सांगायची की त्या महिन्यांत मावशी स्वतःच्या वाटणीच्या पाण्यातून ते पेले धूत होती. आईला हे कसं कळलं, तर आईने मावशीच्या अंगावर दोन-तीन दिवस तेच लुगडं पाहिलं. धुवायला पाणी नव्हतं.

योहानाच्या शुभवर्तमानात गालीलातल्या काना गावच्या लग्नाची गोष्ट आहे. ख्रिस्ती घरातल्या लेकराला ती पाठ असते. द्राक्षारस संपतो, येशूची आई त्याच्या कानावर घालते, तिथे सहा दगडी रांजण असतात, येशू ते पाण्याने भरायला सांगतो, आणि पाण्याचा द्राक्षारस होतो. या गोष्टीवर मी आजवर तीस-चाळीस प्रवचनं तरी ऐकली असतील. आईच्या विश्वासावर, चमत्कारावर, विवाहाच्या पावित्र्यावर. रांजण भरणाऱ्यांवर मात्र क्वचितच कोणी थांबलं. प्रत्येक रांजणात दोन-तीन मण पाणी मावायचं, असं तिथे लिहिलं आहे. आजच्या मापात सगळे मिळून पाचेकशे लिटर तरी होतील. ज्याने विहिरीवरून पाणी वाहिलं आहे त्याला पाचशे लिटर म्हणजे काय ते कळेल. मोठ्या घागरी घेतल्या तरी तीस-पस्तीस खेपा. आणि ते चाकर रांजण अर्धवट भरत नाहीत, काठापर्यंत भरतात. लग्नघर आहे, पाहुण्यांची ये-जा आहे, द्राक्षारस संपला आहे आणि हा पाहुणा पाणी भरा म्हणतो आहे. ‘पुरे झालं, एवढं बस’ असं म्हणायला जागा होती. तरी ते काठापर्यंत भरतात.

पुढे योहान जे सांगतो ते मला फार उशिरा दिसलं. भोजनकारभारी तो रस चाखतो, वराला बोलावून त्याची वाखाणणी करतो. तो रस आला कुठून हे कारभाऱ्याला माहीत नाही. वराला तर काहीच माहीत नाही, त्याला फुकटची शाबासकी मिळते. आणि इथे योहान मुद्दाम थांबून नोंदवतो की पाणी काढणाऱ्या चाकरांना मात्र ते ठाऊक होतं. कार्यात ज्यांचा मान त्यांनी फक्त चव घेतली. मूळ ठाऊक असलेली माणसं मागच्या दारी होती, ओल्या बाह्यांची. त्यांची नावं योहान देत नाही, पण त्यांच्या ठाऊक असण्याची साक्ष देतो.

रांजण हा शब्द मराठी बायबलात वाचला की मराठी माणसाच्या मनात दुसरा एक रांजण जागा होतोच. पैठणचा. एकनाथांच्या वाड्यात श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षं कावडीने पाणी भरत होता आणि तो साक्षात विठ्ठल होता हे नाथांनाही कळलं नव्हतं, ही कथा माझ्या ख्रिस्ती आजीनेच मला सांगितली. तुकाराम बीजेपासून त्या वाड्यातला रांजण भरायला घेतात, आणि नाथषष्ठीला देव अदृश्यपणे आपली घागर त्यात ओततो तेव्हा तो भरून वाहतो, अशी श्रद्धा आहे. आजीला या कथेत आणि तिच्या बायबलात भांडण दिसत नव्हतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनाही तुकोबा आणि ख्रिस्त यांच्यात भांडण दिसलं नव्हतं. आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. मला एवढंच म्हणायचं आहे की देव पाणी भरतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो, ही कल्पना पचवायला मराठी माणसाला कुठल्या मिशनऱ्याची गरज नव्हती. ती इथली, गोदाकाठची आहे.

मिशनऱ्यांचं नाव निघालंच आहे, तर आमच्या भागात आलं ते अलायन्स मिशन. न्यूयॉर्कच्या ए. बी. सिम्पसन यांनी १८८७मध्ये पाया घातलेलं. वऱ्हाड आणि पूर्व खानदेश हा त्यांचा टापू: अकोला, अमरावती, खामगाव, मलकापूर, भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, आणि त्यातलंच आमचं बोदवड. त्या काळच्या मिशनांचे अहवाल वाचायला घेतले की एक गोष्ट हमखास दिसते. मिशनऱ्यांची नावं असतात, बदल्या असतात, आजारपणं असतात. एतद्देशीय कामकऱ्यांचा बहुधा आकडा असतो. अमुक उपदेशक, तमुक शिक्षक, इतक्या बायबल-बाया. बायबल-बाई हा शब्द आता मागे पडला. उन्हातान्हात खेडोपाडी चालत जाऊन, परसदारी बसून, बायकांना भजन म्हणून दाखवणारी, गोष्ट सांगणारी, तापाच्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवणारी बाई. अकोल्याच्या जेनी फुलर बाईंनी १९०० साली हिंदी स्त्रियांच्या हालांवर इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केलं, त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. ते पुस्तक आजही अभ्यासक वाचतात. मी ते वाचताना सारखा एकाच विचारात होतो. परक्या गोऱ्या बाईला त्या माजघरांची दारं कोणी उघडून दिली असतील? त्या बायकांचं बोलणं तिच्या कानापर्यंत कोणी पोचवलं असेल?

खुद्द रमाबाईंचंच पाहा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, वर्षानुवर्षं खपून सबंध बायबलचं मराठी भाषांतर केलं. साध्या, कमी शिकलेल्या बाईला कळावं असं मराठी त्यांना हवं होतं. ते काम तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. बायबल छापून पुरं झालं १९२४मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या, पानं दुमडणाऱ्या, शिवणाऱ्या तिथल्याच बायका आणि मुली. त्यांच्यातल्या कितीतरी दुष्काळातून हाडांचे सापळे होऊन आलेल्या. शिशाच्या खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. आरशातलं वाचावं तसं ते वाचत, एकेक काना, एकेक वेलांटी उचलून ओळ बांधायची. हजारभर पानांचा ग्रंथ असा, चिमटी चिमटीने. त्या मुलींची नावं छापलेली मी कुठे पाहिली नाहीत. पण त्या ग्रंथातल्या प्रत्येक अक्षराला त्यांची बोटं लागली आहेत.

आणि नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. १९०७मध्ये आमच्या जळगावला कविसंमेलन भरलं, धरणगावचा पोरसवदा त्र्यंबक बापूजी ठोमरे तिथे कविता म्हणून गेला आणि बालकवी झाला, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. रेव्हरंड टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी नेलं हेही माहीत असतं. पण घरी नेलं म्हणजे काय? टिळक कोणालाही घरी आणत आणि हातातलं कोणालाही देऊन टाकत. आलेल्याच्या पानात काय वाढायचं ते लक्ष्मीबाईंनी बघायचं. त्यांनी त्या हळव्या, रुसणाऱ्या मुलाला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. जळगाव आणि भुसावळच्या मधलं भादली स्टेशन गाडीतून जाताना मागे पडतं तेव्हा मी अजूनही खिडकीतून बघतो. ५ मे १९१८ला बालकवी तिथे रुळांवर गेले. मला तेव्हा कवीआधी नगरच्या त्या स्वयंपाकघराची आठवण येते. ते स्वयंपाकघर आपल्याला दिसतं कारण लक्ष्मीबाईंनी मोठेपणी, मोठ्या कष्टाने अक्षर गिरवलं आणि पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्यांनी लेखणी उचलली नसती तर त्यांचंही नाव ‘रेव्हरंड टिळक आणि कुटुंब’ एवढ्यात गेलं असतं. लेखणी न उचललेल्या किती असतील, याची मोजदाद माझ्याच्याने होत नाही.

त्या न मोजलेल्यांत एकीची भर मी स्वतः घातली. ते मला इथे लिहायचंच आहे.

मी शिक्षक झालो होतो, लिहिता म्हणून जरा नाव झालं होतं. मंडळीच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. चार महिने मी राबलो. जुन्या पास्टरांचे फोटो गोळा केले, मिशनऱ्यांच्या कारकिर्दींचे तक्ते केले, देणगीदारांची यादी तीनदा तपासली की कोणी राहू नये. कोनशिला कोणी बसवली, पेटी कोणी दिली, पंखे कोणी दिले. प्रकाशन झालं, हार-तुरे झाले. त्या दिवशीही प्रभुभोजन होतं. तबक माझ्यापर्यंत आलं, मी पेला उचलला, ओठाला लावला आणि त्या रसाच्या चवीने मला एकदम मनुकांचा चोथा आठवला. ऐंशी पानांच्या स्मरणिकेत मावशीचं नाव एकदाही नव्हतं. पाणी भरण्याचा, रांजणाचा उल्लेखही नव्हता. तो घोट गिळणं मला जड गेलं.

संध्याकाळी तिच्या खोलीवर गेलो. ती थकली होती, गुडघे धरून उंबऱ्यात बसली होती. मी म्हटलं, ‘‘मावशी, चूक झाली. पुरवणी काढतो, तुमचं नाव घालतो, फोटो घालतो.’’ ती हसली. ‘‘कायले रे भाऊ? ज्याले माहीत पाह्यजे त्याले माहीत हाये.’’

हे उत्तर मला अपेक्षित होतं, आणि खरं सांगायचं तर तेवढ्याने माझं समाधान झालं असतं. एखाद्या साध्वीने द्यावं तसं उत्तर. मी ते घेऊन घरी आलो असतो आणि कुठेतरी सांगितलं असतं. पण ती पुढे बोलली, आणि ते बोलणं वेगळं होतं.

‘‘माही माय विहिरीपाशी उभी राहे,’’ ती म्हणाली. ‘‘घागर खाली ठेवे आन उभी राहे. तास तास. तिले विहिरीले हात लावू देत नव्हते. कोनाले दया आली तं वरून वती. मी लहान, मी तिच्या पदराले धरून उभी.’’ मग तिने आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. ‘‘आन हे हात पाह्य. या हातचं पानी अख्ख्या मंडळीनं पेलं. साहेब पेला, मिससाहेब पेली. बामनाचा एक पास्टर आलता नगरहून, थो बी पेला. म्या दारातून पाहे. दर टायमाले पाहे.’’

दारातून. मला वाटत होतं ती दाराशी बसते कारण मध्येच उठावं लागतं.

१९२७च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तो इतिहास मी वर्गात शिकवत होतो. पण पाण्यावरची ती लढाई माझ्या चर्चच्या मागच्या ओट्यावर, कल्हईच्या पातेल्यात, महिन्याच्या महिन्याला एक बाई आपल्या परीने जिंकत होती, हे मला माझ्या पस्तिशीत, तिने तळवे पुढे केले तेव्हा कळलं. ज्या हाताने विहीर बाटत होती त्या हाताने कुसकरलेला रस लोक ख्रिस्ताचं रक्त म्हणून पीत होते. तीनदा धुतलेल्या पेल्यांमागे स्वच्छता होतीच. पण त्या दुष्काळात तिने स्वतःचं पाणी का घातलं, काम दुसऱ्या कोणाला का दिलं नाही, पास्टरीणबाई मदतीला आल्या तरी रस गाळताना त्यांना बाजूला का बसवलं, याचा उलगडा मला त्या उंबऱ्यात झाला. आम्ही तिला नम्र म्हणत होतो. नम्र ती होती. पण तिच्या नम्रतेत एक ताठ कणा होता आणि तो आम्हाला दिसला नव्हता, कारण आम्हाला फक्त वाकलेली पाठ दिसत होती.

म्हणून नम्र सेवेविषयी प्रवचन सुरू झालं की मी आता सावध होतो. ते प्रवचन ऐकणारे कोण आहेत हे आधी पाहतो. शेवटच्या रात्री येशूने कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले. ते गुरूने धुतले, शिष्यांकडून धुववून घेतले नाहीत. गोष्टीचं सगळं मर्म तिथे आहे. ज्याला वाकण्याची सक्ती नव्हती तो वाकला. आमच्या मंडळ्यांमध्ये सतरंज्या घालणाऱ्याला, भांडी घासणाऱ्या बायकांना नम्रतेचे धडे द्यायची काही गरज नाही. त्यांनी ते जन्मभर गिरवले आहेत. तो धडा व्यासपीठावर खुर्ची असलेल्यांसाठी आहे. माझ्यासारख्या स्मरणिका काढणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्याच्या निनावी राबण्याला ‘सेवा’ म्हणून गोडवे गाणं फार सोपं असतं, आणि त्यात आपल्याला काही द्यावं लागत नाही.

पौलाने रोमकरांस पत्र लिहिलं, त्याचा शेवटचा अध्याय म्हणजे जवळजवळ नुसती नावं आहेत. मी तरुणपणी तो सोडून पुढे जात असे. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी, पुष्कळ श्रम केलेली मरीया, पर्सिस, रूफाची आई. एवढा मोठा धर्मपंडित, एवढं गहन पत्र, आणि अखेरीस एकेकाला हाक मारून सलाम. त्यात मध्येच पौलाचा लेखनिक आपलं डोकं वर काढतो. तर्तियुस त्याचं नाव. सोळा अध्याय दुसऱ्याचे शब्द उतरवून घेतल्यावर तो एका ओळीत सांगतो की हे पत्र लिहून घेणारा मीही तुम्हाला सलाम सांगतो. पौलाने ती ओळ खोडली नाही. मला ही ओळ अतिशय प्रिय आहे. मावशीला नावाची गरज नव्हती हे खरं, पण म्हणून ते न नोंदवण्याची मोकळीक मला मिळत नव्हती. तिची ती श्रीमंती होती, माझं ते देणं होतं. आज इथेही मी तिचं नाव लिहीत नाही, कारण त्या संध्याकाळी उठताना तिने माझा हात धरून तसं बजावलं होतं. पुरवणी निघाली नाही. त्याऐवजी तिने मला रस करायला शिकवला. पुढचे काही महिने शनिवारी दुपारी मी तिच्या ओट्यावर बसून मनुकांचे देठ काढत होतो. चोथ्यावर हक्क तोवर नव्या पोरांचा झाला होता.

मी ते काम फार काळ केलं नाही. बदली झाली, गाव सुटलं. ती गेल्याचं मला पत्राने कळलं, तेही पंधरा दिवसांनी.

परवाच्या नाताळाआधी बोदवडला जाणं झालं. नाडगावला स्टेशनवर उतरलो. चर्चला आता टाइल्स आहेत, ध्वनिक्षेपक आहे, रांजणाच्या जागी थंड पाण्याची टाकी. नवे तरुण पास्टर आपुलकीने सगळं दाखवत होते. मी विचारलं, ‘‘प्रभुभोजनाचा रस हल्ली बाटलीतला आणता का?’’

‘‘नाही, नाही,’’ ते म्हणाले. ‘‘मनुकांचाच असतो. कोणीतरी करतं घरून.’’

शनिवार होता. ते फोन घ्यायला बाहेर गेले, तसा मी मागच्या दाराने ओट्यावर आलो. तिथे कोणी नव्हतं. पाण्याने भिजलेली फरशी, कडेला पालथी घातलेली बादली, आणि उन्हात एक धुवट पांढरं कापड पसरलेलं. कापडावर काचेचे छोटे पेले ओळीने उपडे घातले होते. वळणार तोच खिडकीच्या कट्ट्याकडे नजर गेली. तिथे दोन पेले वेगळे काढून ठेवले होते. एक उचलून मी त्याच्या काठावरून अंगठा फिरवला. टवका उडालेला होता.